अजब बंगला, पांजरापोळ आणि आपले भांडार



सुट्ट्या लागल्या की घरोघरी एकच प्रश्न असतो, मुलांना कुठे न्यायचे? आपल्या वाशीम-कारंजा भागातल्या बायकांची उत्तरेही ठरलेली. शिरपूर, मुक्तागिरी, फार तर शेगाव आणि लोणार. यावेळी मी एका वेगळ्या जागेविषयी लिहिणार आहे. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधले मध्यवर्ती संग्रहालय. हे सरकारी नाव फारसे कोणी घेत नाही. जुनी माणसे त्याला 'अजब बंगला' म्हणतात. तिथे मेलेले प्राणी आहेत, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे दगड आहेत आणि आपल्या तीर्थंकरांच्या मूर्तीही आहेत. या तिन्ही गोष्टी एका छपराखाली कशा आल्या, आणि जैन घरातल्या बाईने नातवंडांचा हात धरून तिथे जावे की नाही, हे या लेखात पाहू.

आधी थोडा इतिहास. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले वारस नसताना वारले आणि इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. त्याच वर्षी निजामाकडून वऱ्हाडही इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. सर रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर असताना, १८६३ साली, हे संग्रहालय स्थापन झाले. वऱ्हाड मात्र तेव्हा नागपूरला जोडलेले नव्हते. ते कारभारापुरते मध्य प्रांतात आले १९०३ मध्ये. आपले वाशीम पूर्वी स्वतंत्र जिल्हा होते, तो १९०५ मध्ये मोडून अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा झाला. हे सगळे सांगण्याचे कारण एवढेच, की आपल्या मातीत सापडलेल्या वस्तू नागपूरला का गेल्या, याचे उत्तर या तारखांमध्ये आहे. राजधानी जिथे, कचेरी तिथे. कचेरी जिथे, वस्तू तिथे.

या कहाणीत एक माणूस विसरता येत नाही. स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडचा हा मिशनरी १८४५ साली नागपूरला आला. त्याचे धर्मप्रसाराचे काम आपल्याला पटायचे कारण नाही, पण दगड वाचण्याची त्याची चिकाटी मानावीच लागते. सोबती रॉबर्ट हंटरबरोबर तो नागपूरच्या आसपासच्या टेकड्या पालथ्या घालत असे. टाकळीसारख्या ठिकाणी काळ्या दगडाच्या दोन थरांच्या मध्ये त्याला शिंपले, मासे, किडे आणि झाडांचे अवशेष सापडले. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला प्रचंड प्राण्यांची हाडे सापडली. त्याने जमवलेले बरेचसे लंडनला गेले. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना एक ओढा पावसाने फुगला होता, त्यात तो बुडून मेला. सकाळी सहज ओलांडलेला तोच ओढा. त्याने गोंड आणि इतर आदिवासींविषयी लिहून ठेवलेले कागद पुढे टेंपलनेच १८६६ मध्ये छापून काढले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. म्हणजे ज्या वर्षी अजब बंगला सुरू झाला, त्याच वर्षी त्याला दगड पुरवू शकणारा सर्वात जाणता माणूस गेला.

आता आपल्या मूळ अडचणीकडे येते.

आम्ही समृद्धी महामार्गाने निघालो, मुलगा, सून, दोन नातवंडे, माझ्या नणंदबाई आणि मी. गाडीतच वन्सं म्हणाल्या, "मेलेली जनावरं पाहायला पैसे देऊन कशाला जायचं गं? आपण मुंगी वाचवणारी माणसं." प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कारण जुन्या संग्रहालयांतले प्राणी म्हातारपणाने मेलेले क्वचितच असत. त्या काळी वाघ, हरणे, पक्षी गोळी घालून मारत, कातडे सोलून, मसाला लावून, आत भुसा किंवा कापूस भरून उभे करत. पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे आधी पक्षी मारणे, अशीच रीत होती. भारतभरच्या संग्रहालयांत असे हजारो नमुने जमले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर शिकारीला बंदी झाली. आज अशा दालनांत दिसते ते बहुतेक त्या आधीच्या काळाचे उरलेले आहे.

त्याच शतकात आपल्या समाजाने काय केले, तेही मुलांना सांगायला हवे. १८३२ साली मुंबईत पोलिसांनी भटकी कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा पारशी, जैन आणि हिंदू रस्त्यावर उतरले, दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. दिल्लीत चांदणी चौकातल्या लाल मंदिराच्या आवारात आजही पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय चालते. जखमी कबुतरे, पोपट तिथे बरे होऊन उडून जातात. मुंबईची पांजरापोळ १८३४ ची, नागपूरचा अजब बंगला १८६३ चा. मध्ये फक्त २९ वर्षे. एका जागी प्राण्याला जगवून त्याची सेवा केली, दुसऱ्या जागी त्याला मारून त्याची माहिती लिहिली. दोघांनाही प्राण्यांविषयी कुतूहल होतेच, असे मला वाटते, पण किंमत कोणी मोजायची यात फरक होता.

मग मी नातवंडांना त्या दालनात का नेले? कारण मारलेला प्राणी न पाहिल्याने तो जिवंत होत नाही. तो का मारला गेला, हे सांगायला तिथे आजी उभी असेल तर मूल फक्त "वा, केवढा वाघ!" म्हणून पुढे जात नाही. माझ्या नातीने विचारले, "याला दुखलं असेल ना?" मी हो म्हटले. अहिंसेवरच्या कितीतरी प्रवचनांपेक्षा हा एक प्रश्न मला मोठा वाटला. वन्सं मात्र आत आल्या नाहीत. बाहेर बसून त्यांनी णमोकाराची माळ केली. त्यांनाही कोणी आग्रह केला नाही. ज्याचे मन तयार नाही त्याला ओढून न्यायचे काही कारण नाही.

मैत्रिणींनो, अशा दालनात मुलांशी खेळायला एक खेळ सांगते. त्याचे नाव 'लांछन शोधा'. आपल्या चोवीस तीर्थंकरांपैकी सतरा जणांचे लांछन कोणता ना कोणता जीव किंवा त्याचे कवच आहे. दिगंबर परंपरेप्रमाणे यादी अशी: आदिनाथांचा बैल, अजितनाथांचा हत्ती, संभवनाथांचा घोडा, अभिनंदननाथांचे माकड, सुमतिनाथांचा चकवा, पुष्पदंतांची मगर, श्रेयांसनाथांचा गेंडा, वासुपूज्यांचा रेडा, विमलनाथांचे डुक्कर, अनंतनाथांची साळिंदर, शांतिनाथांचे हरीण, कुंथुनाथांचा बोकड, अरनाथांचा मासा, मुनिसुव्रतनाथांचे कासव, नेमिनाथांचा शंख, पार्श्वनाथांचा नाग आणि महावीरांचा सिंह. उरलेल्या सातांची लांछने कमळ, स्वस्तिक, चंद्र, कल्पवृक्ष, वज्र, कलश आणि नीलकमळ. वहीत यादी लिहून द्यायची आणि जो प्राणी दिसेल त्यापुढे तीर्थंकरांचे नाव लिहायला सांगायचे. माझा नातू साळिंदर म्हणजे काय हे त्या दिवशी शिकला. पाठशाळेत ते नाव तो नुसतेच घोकत होता.

दुसरा खेळ इंद्रियांचा. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात जीवांची विभागणी इंद्रियांच्या संख्येवरून केली आहे. कृमी, मुंगी, भुंगा, माणूस, प्रत्येकाला आधीच्यापेक्षा एक इंद्रिय जास्त. शंखातला जीव दोन इंद्रियांचा, मुंगी तीन इंद्रियांची, भुंगा चार इंद्रियांचा. शास्त्रज्ञ पाठीचा कणा आहे की नाही, अंडी घालतो की पिल्लाला दूध पाजतो, यावरून गट करतात. आपल्या आचार्यांनी कोणाला किती जाणवते, म्हणजे कोणाला दुखवल्याने किती वेदना होतील, यावरून गट केले. एकाच मुंगीकडे दोन्ही नजरांनी पाहता येते. मुलांना दोन्ही सांगावे. पण दोन्हींची खिचडी करू नये. याविषयी जरा पुढे लिहिते.

दुपारी आम्ही रामन विज्ञान केंद्रात गेलो. हे १९९२ मध्ये सुरू झाले, नागपूरला जाणाऱ्या शाळांच्या सहली तिथे हमखास जातात. आवारात प्रागैतिहासिक प्राण्यांच्या मोठ्या प्रतिकृती आहेत. नातवाला डायनासोरचे वेड. तो मला म्हणाला, "आजी, एका डायनासोरचं नाव जैनोसॉरस आहे. तो जैन होता का?" सगळे हसले. पण नाव खरे आहे, आणि त्यामागची गोष्ट आपल्या बायकांना ठाऊक असायला हवी.

जबलपूरच्या बडा शिमला टेकडीत सापडलेल्या हाडांवरून १९३३ साली ह्यूने आणि मॅटली या दोन युरोपीय संशोधकांनी लांब मानेच्या एका शाकाहारी डायनासोरला नाव दिले होते. पुढे लक्षात आले की ते नाव दक्षिण अमेरिकेतल्या वेगळ्याच प्राण्याच्या कुळातले आहे. म्हणून १९९५ मध्ये त्याला नवे नाव मिळाले, जैनोसॉरस. हे नाव सोहनलाल जैन या भारतीय जीवाश्मतज्ज्ञांच्या सन्मानार्थ दिले. ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करत. आकडेमोडीच्या संस्थेत डायनासोर कुठून आला, असे वाटेल. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी पामेला रॉबिन्सन या ब्रिटिश विदुषीला बोलावले आणि १९५७ पासून तिथे जीवाश्मांचे काम सुरू झाले. या मंडळींनी प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातून जवळजवळ तीनशे हाडे काढली. ते होते बारापासॉरस, म्हणजे बंगालीत 'मोठ्या पायाचा'. उत्खनन झाले १९६१ मध्ये, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणून पूर्ण नावात टागोरही आहेत. १९७५ मध्ये जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नाव जाहीर केले. त्याचा उभा केलेला सांगाडा कोलकात्याच्या त्या संस्थेत आहे. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ डोंगरगावच्या टेकडीतून सापडलेला आणखी एक डायनासोरही जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये जगासमोर आणला. आज त्याला इसिसॉरस म्हणतात, त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून.

डोंगरगाव, पिसदुरा ही काही परदेशातली गावे नाहीत, आपल्याच विदर्भातली आहेत. आणि ज्या काळ्या दगडाखाली ती हाडे दडली, तो दगड आपल्या प्रत्येकीच्या घरात होता. जाते, पाटा-वरवंटा, खल, ओट्यासमोरची पायरी, सगळे त्याचेच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा थरावर थर वाहत राहिला, तो थंड होऊन हा दगड झाला. तो झिजून झिजून आपली काळी कपाशीची माती झाली. त्याच सुमारास डायनासोर पृथ्वीवरून संपले. लोणारचा खड्डाही याच दगडात उल्का आदळून झाला. एवढे सांगितल्यावर नातू पाट्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागला.

इथे मुलांचा खरा प्रश्न येतो, आणि तो प्रत्येकीला कधी ना कधी येणार आहे. "आपल्या शास्त्रात डायनासोर आहेत का?" मोबाइलवर रोज संदेश फिरतात, की आधीच्या आऱ्यांमध्ये शरीरे मोठी असत, आदिनाथांची उंची पाचशे धनुष्य होती, म्हणजे आपल्या शास्त्राला डायनासोर आधीच ठाऊक होते. माझे मत स्पष्ट सांगते. असे म्हणू नये. शास्त्रात अवसर्पिणी-उत्सर्पिणीचे चक्र आहे, पल्य आणि सागरोपम अशी कल्पनेपलीकडची मापे आहेत. पण त्यात डायनासोरचे नाव नाही, आणि ते तिथे घुसडणे म्हणजे सत्य अणुव्रताला धक्का लावणे. कॉमर्स शिकलेल्या माणसाला माहीत असते, एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात दाखवली की बेरीज जुळल्यासारखी दिसते, पण तो हिशेब खोटा असतो. दगडाचे वय दगडावरून काढायचे. आत्म्याचा विचार शास्त्रावरून करायचा. मुलांना "याविषयी शास्त्रात काही लिहिलेले नाही" एवढे सांगितल्याने त्यांची श्रद्धा कमी होत नाही. उलट उद्या कॉलेजमध्ये गेल्यावर आजीने थाप मारली होती हे कळले, तर आजीबरोबर शास्त्रावरचाही विश्वास जातो.

आता अजब बंगल्यातल्या शिल्प आणि धातुमूर्तींच्या दालनाविषयी. प्राण्यांच्या दालनात न आलेल्या वन्सं इथे मात्र आल्या. मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनी इथे जमिनीत जैन धातुमूर्तींचा साठा सापडला होता. तो या संग्रहालयात आहे. आपले कारंजे एके काळी त्याच मूर्तिजापूर तालुक्यात होते, म्हणजे हे अगदी शेजारचे गाव. संकटाच्या काळात मूर्ती जमिनीत लपवून ठेवण्याची रीत सगळीकडेच होती. लपवणारे बहुधा परत आलेच नाहीत, आणि शेकडो वर्षांनी कोणाच्या तरी नांगराला किंवा कुदळीला धातू लागतो. १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला मोलाचा ठेवा सरकारला कळवावा लागतो. अशा वस्तू मग संग्रहालयात जातात.

काचेमागची प्रतिमा पाहताना मनात कालवाकालव होते. अभिषेक नाही, आरती नाही, समोरून बूट घातलेली माणसे जातात. सुनेने हळूच विचारले, "आई, नमस्कार करायचा का?" वन्संनी उत्तर दिले, "मनात कर. मनाला काच नसते." आम्ही तिघी थोडा वेळ गप्प उभ्या राहिलो. मला राग येईल असे वाटले होते, पण आला नाही. त्या काळी सापडलेला धातू वितळवून भांडी करणारेही होते. त्या मूर्ती तिथे आहेत, त्यांची नोंद आहे, अभ्यासकांनी त्यांच्यावर लिहिले आहे, म्हणून वऱ्हाडात हजारेक वर्षांपूर्वीही आपला धर्म नांदत होता याचा पुरावा हातात आहे. आपले वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, हेही १९३९ मध्ये सापडलेल्या एका ताम्रपटामुळे पक्के झाले. तो ताम्रपट कोणी मोडीत घातला असता, तर?

हीच गोष्ट आपल्या कारंज्याची. कारंज्याला सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशी तीन मोठी मंदिरे, आणि त्यांची ग्रंथभांडारे. शतकानुशतके भट्टारकांनी पोथ्या जपल्या. १९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपूरहून प्रसिद्ध केली, त्यात कारंज्याच्या पोथ्या जगाला कळल्या. दुसरे हिरालाल, अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन, यांनी कारंज्याच्या पोथ्यांवरून अपभ्रंश काव्ये संपादित केली. करकंडचरिउ १९३४ मध्ये कारंजा ग्रंथमालेत निघाले. पुढे १९३९ पासून त्यांनी अमरावतीहून धवला टीकेसह षट्खंडागमाचे खंड काढले, ते काम सोळा खंडांपर्यंत गेले. आज आपण घरात बसून ते वाचू शकतो, कारण कोणीतरी आधी यादी केली होती.

या फेरीतून माझ्या मनात राहिले ते हेच. संग्रहालय असो की भांडार, त्याचा जीव नोंदवहीत असतो. प्रत्येक वस्तूला क्रमांक, कुठून आली, केव्हा आली, कोणी दिली. आपल्या घरात काय आहे याची यादी मात्र आपण कधी करत नाही. सासूबाईंच्या पेटीतली हाती लिहिलेली पूजेची पोथी, पितळेची लहान चौवीसी, जुना सिद्धचक्राचा पट, कोणाच्या तरी दीक्षेची पत्रिका. घर बदलताना, वाटण्या होताना या वस्तू भंगारात किंवा नदीत जातात. जीर्ण पोथी विसर्जन करण्याआधी निदान तिचा फोटो काढावा, शेवटचे पान वाचावे. त्यावर बहुतेकदा लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि संवत असतो. मंदिरातल्या जाणत्यांना दाखवावी. या सुट्टीत मुलांना बसवून एक शंभर पानी वही आखा. क्रमांक, वस्तू, कोणाची, कधीपासून. चार रकाने पुरेत.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना. संग्रहालय सोमवारी बंद असते. डबा आणि गाळलेले पाणी सोबत ठेवावे. परतीची वेळ अशी धरावी की सूर्यास्ताआधी जेवण होईल. लहान मुलांना एका दिवसात दोनच दालने दाखवावीत, सगळे दाखवायला गेलो तर काहीच लक्षात राहत नाही.

आणि जिवंत हरीण पाहायचे असेल तर नागपूरला जायलाही नको. आपल्याच जिल्ह्यात कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. शांतिनाथ भगवंतांच्या पायाशी असलेले हरीण तिथे माळावर उड्या मारत असते. तिथे वन्संही येतील.

जय जिनेंद्र.